शिक्का, स्तंभ आणि नकाशा
(नवस्वतंत्र देशांच्या नमुना नोटांविषयी)

— एक विद्यार्थिनी, द्वितीय वर्ष कला (इतिहास)

माणसाला एखादा तरी छंद असावा, असे आपण शाळेपासून निबंधात लिहीत आलो आहोत. छंदाला पैसा लागतो, हे मात्र निबंधात कोणी लिहीत नाही. ज्या घरात महिन्याच्या वीस तारखेनंतर प्रत्येक नोट दोनदा मोजून डब्याबाहेर पडते, त्या घरातील मुलीने नोटाच जमविण्याचा छंद धरावा, ही गोष्ट ऐकणाऱ्याला जरा चमत्कारिक वाटेल. माझे वडील भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांच्या एका गाळ्यात पॉलिशचे काम करतात. आमच्या घरात बारावीच्या पुढे गेलेली मी पहिलीच. मी पहिली जुनी नोट विकत घेऊन घरी आले तेव्हा बाबा रागावले नाहीत. ती नोट हातात घेऊन ते इतकेच म्हणाले, “पैसे देऊन पैसेच विकत आणलेस?”

त्या वेळी मला उत्तर देता आले नाही. प्रस्तुत लेख म्हणजे त्या प्रश्नाला उशिरा दिलेले उत्तर आहे. त्यात माझ्या एका फजितीची हकीगतही ओघाने येईल. ती वाचून मित्रमैत्रिणींनी खुशाल हसावे. मात्र माझ्यासारखे फसू नये, एवढीच विनंती.

नमुना नोट म्हणजे काय?

नवी नोट लोकांच्या हाती पडण्यापूर्वी ती बँकेत बसलेल्या माणसाच्या ओळखीची व्हावी लागते. खऱ्या नोटेचा रंग कसा, जलचिन्ह कोठे, सही कोणाची, हे कॅशियरला आधी ठाऊक नसेल तर तो खरी नोट परत करील किंवा खोटी नोट ठेवून घेईल. म्हणून नोटा छापणारी संस्था काही नोटा वेगळ्या काढते आणि त्यांवर ठळक अक्षरांत ‘स्पेसिमेन’, म्हणजे नमुना, असे छापते. या नोटा देशातील व परदेशांतील बँकांकडे ओळखीसाठी पाठविल्या जातात. यांनाच नमुना नोटा म्हणतात.

साध्या नोटेपासून नमुना नोट वेगळी ओळखण्याच्या काही खुणा आहेत. तिच्यावर क्रमांकाच्या जागी बहुधा सगळी शून्ये असतात. पुष्कळदा सहीच्या जागी यंत्राने भोके पाडलेली असतात, म्हणजे ती कोणी चलनात आणू नये. काही नमुने एकाच बाजूने छापलेले असतात. याशिवाय छापखान्यात पडताळणीसाठी काढलेले कच्चे छाप असतात आणि एकच नोट निरनिराळ्या रंगांत छापून पाहिलेली असते, त्या रंगचाचण्याही असतात. संग्राहक या सर्वांना साधारणपणे एकाच कुटुंबातील मानतात. थोडक्यात, नमुना नोट दिसते हुबेहूब खऱ्यासारखी, पण तिच्यावर एक वडापावही मिळत नाही.

मग अशा नोटा संग्राहकांपर्यंत पोहोचतात कशा? काही बँकांच्या जुन्या दप्तरांतून बाहेर पडतात. काही छापखान्यांच्या संग्रहातून येतात. अमेरिकन बँक नोट कंपनी या नामांकित छापखान्याचा जुना संग्रह १९९० साली न्यूयॉर्क येथे लिलावात निघाला होता. काही तर संग्राहकांसाठीच मुद्दाम छापलेल्या असतात. १९७८-७९ च्या सुमारास अमेरिकेतील फ्रँकलिन मिंट या संस्थेने अनेक देशांच्या नमुना नोटांचे संच विक्रीस काढले. त्यांच्या क्रमांकापुढे एका विशिष्ट क्रुसाची खूण होती, म्हणजे त्या चलनासाठी नाहीत हे लगेच कळावे.

नमुना नोटेला बाजारात किंमत नसली तरी अभ्यासकाला तिचे मोल आहे, आणि देश नवा स्वतंत्र झालेला असेल तर विशेष. झेंडा एका रात्रीत बदलता येतो. नोट तशी बदलता येत नाही. तिला कागद लागतो, खोदलेल्या पट्ट्या लागतात, छापखाना लागतो, आणि तिच्यावर चित्र कोणाचे घालायचे याचा निर्णय लागतो. स्वातंत्र्याचा दिवस आणि स्वतःच्या नोटेचा दिवस यांच्यामध्ये काही काळ जातो. त्या मधल्या काळात काय घडले, हे नोट नीट पाहिली तर तिच्या अंगावर वाचता येते.

माझी साडेचारशे रुपयांची शिकवणी

पहिल्या वर्षाला असताना मुंबईत भरलेल्या नाण्या-नोटांच्या एका प्रदर्शनाला मी गेले होते. आमच्या अभ्यासक्रमात तेव्हा १९७१ चे बांगलादेश युद्ध चालू होते. एका टेबलावर ‘बांगलादेशची पहिली नोट, स्पेसिमेन’ अशी चिठ्ठी दिसली आणि माझे पाय तेथेच थांबले. एक टाक्याची लहानशी नोट, तिच्यावर देशाचा नकाशा, आणि आडवा लाल शिक्का. विक्रेत्याने सातशे सांगितले आणि ‘कॉलेजची मुलगी’ म्हणून साडेचारशेला दिली. चौथीतल्या दोन मुलांची शिकवणी घेऊन मी परीक्षेच्या फॉर्मसाठी जे पैसे बाजूला ठेवले होते, त्यांतलेच हे साडेचारशे. भाईंदरला उतरेपर्यंत मी पिशवी छातीशी धरून होते.

बाबांचा तो प्रश्न त्या रात्रीचा. पण प्रश्न विचारून ते थांबले नाहीत. त्यांनी नोट दिव्याखाली धरली, तिच्यावर अंगठा फिरविला, आणि म्हणाले, “हे लाल नाव नंतर घातलंय.”

मी म्हटले, “बाबा, ते छापखान्यात छापलेलं असतं.”

“छापखान्यात नाही. भांडं गाळ्यातून निघतं तेव्हा कंपनीचा ठसा असतो, त्याच्यावरनं पॉलिश झालेलं असतं. लग्नात द्यायचं म्हणून दुकानात नाव घालतात, ते पॉलिशच्या वर बसतं. बोट फिरवलं की कळतं. ही नोट आधी वापरलीय. घडी पडलीय बघ. आणि घडीत शाई उतरलीय. घडी आधीची, नाव नंतरचं.”

दुसऱ्या दिवशी मी ती नोट आमच्या इतिहासाच्या सरांना दाखविली. सरांनी भिंग लावून पाहिले आणि बाबांचेच म्हणणे खरे ठरले. नोटेला मधोमध घडी होती. घडीवर कागदाचे तंतू तुटले होते, आणि त्या तुटलेल्या तंतूंत लाल शाई मुळ्यांसारखी पसरली होती. शिक्का कोऱ्या कागदावर मारलेला असता आणि घडी मागून पडली असती, तर घडीच्या रेषेवर शाई उडालेली दिसली असती. शिवाय क्रमांकाच्या जागी शून्ये नव्हती. इतर कोणत्याही नोटेसारखा चालू क्रमांक होता. म्हणजे नोट खरी होती. तिचे नमुनेपण तेवढे खोटे होते. कोणीतरी वापरातल्या नोटेवर रबरी शिक्का मारून तिची किंमत वाढविली होती.

फॉर्मची मुदत दोन दिवसांवर आली होती. आईने भिशीतले पैसे आणून ते भरले. त्या महिन्यात भिशीच्या पैशांनी घरात जी वस्तू यायची होती ती आली नाही. कोणी मला बोलले नाही, पण न बोलणेही ऐकू येतेच.

सरांनी मात्र एक गोष्ट सांगितली, ती मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवली आहे. ते म्हणाले, “तुझ्या वडिलांनी जे केले, तीच इतिहासकाराची पद्धत. आधी काय आणि नंतर काय, हे वस्तूला विचारायचे.” त्यानंतर मी नोटा विकत घेणे जवळजवळ थांबविले आणि त्यांना हा प्रश्न विचारू लागले. पुढे दिलेली तीन उदाहरणे त्यातूनच हाती आली. गंमत म्हणजे तिन्ही उदाहरणांचा छापखाना एकच, आणि तो आपल्या महाराष्ट्रातला, नाशिक रोडचा.

शिक्का : वाटणीतले भांडे

ब्रिटिश अमदानीत हिंदुस्थानच्या नोटा बराच काळ इंग्लंडमध्ये छापल्या जात. नाशिकला १९२८ पासून नोटांची छपाई टप्प्याटप्प्याने सुरू झाली आणि १९३२ पर्यंत सरकारच्या सर्व प्रकारच्या नोटा तेथे छापल्या जाऊ लागल्या. १ एप्रिल १९३५ रोजी रिझर्व्ह बँक स्थापन झाली, आणि १९३८ च्या जानेवारीत बँकेची पहिली नोट, पाच रुपयांची, निघाली. तिच्यावर सहाव्या जॉर्जचे चित्र होते.

१५ ऑगस्ट १९४७ ला देश दोन झाले, पण मध्यवर्ती बँक एकच राहिली. कारण पाकिस्तानकडे तेव्हा ना स्वतःची मध्यवर्ती बँक होती, ना नोटांचा छापखाना. म्हणून काही काळ रिझर्व्ह बँकेनेच दोन्ही देशांचे काम पाहावे असे ठरले. ही मुदत आधी ३० सप्टेंबर १९४८ पर्यंत होती; ती पुढे अलीकडे आणून ३० जून १९४८ करण्यात आली. १ जुलै १९४८ रोजी कराचीत स्टेट बँक ऑफ पाकिस्तानचे उद्घाटन महंमद अली जिना यांच्या हस्ते झाले.

या मधल्या काळासाठी १ एप्रिल १९४८ पासून एक, दोन, पाच, दहा आणि शंभर रुपयांच्या ज्या नोटा पाकिस्तानात निघाल्या, त्या मूळच्या हिंदुस्थानी नोटाच होत्या. चित्र राजाचे, नाव रिझर्व्ह बँकेचे, छपाई नाशिकची. फक्त मोकळ्या पांढऱ्या जागेत वर इंग्रजीत ‘गव्हर्न्मेंट ऑफ पाकिस्तान’ आणि खाली उर्दूत ‘हुकूमत-ए-पाकिस्तान’ अशी अक्षरे जोडलेली. एक रुपयाची नोट सरकारची असल्याने तिच्यावर वित्त सचिवांची सही असे. इतर नोटांवर गव्हर्नरांची सही होती, आणि गव्हर्नर होते चिंतामणराव देशमुख. रायगड जिल्ह्यात महाडजवळच्या नाते गावी १८९६ साली जन्मलेले, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, कालिदासाच्या मेघदूताचा मराठीत अनुवाद करणारे. म्हणजे पाकिस्तान या नव्या देशाच्या पहिल्या नोटांवर एका कोकणी मराठी माणसाची सही आहे. हे मी बाबांना सांगितले तेव्हा त्यांनी पुन्हा भांड्यांचीच गोष्ट काढली. एकत्र कुटुंबात वाटणी झाली की तांब्या-पितळेची भांडी वाटली जातात. धाकट्याच्या वाट्याला आलेल्या घागरीवर आजोबांचे नाव असते. त्याच्याच शेजारी तो आपले नाव घालून घेतो. घागर बदलत नाही, घर बदलते.

मला वाटते, फाळणीविषयी मी जे काही वाचले त्यात या घागरीइतके स्पष्ट मला दुसरे काही समजले नाही. तेथे सैन्ये वाटली गेली, आगगाडीचे डबे वाटले गेले, कचेरीतल्या टेबलखुर्च्या वाटल्या गेल्या. सरहद्दीवर माणसे मरत होती, आणि तरीही दोन्हीकडच्या बाजारांत एकाच माणसाच्या सहीवर लोक विश्वास ठेवून धान्य देत-घेत होते.

पुढे १ ऑक्टोबर १९४८ रोजी पाकिस्तानने स्वतःच्या पाच, दहा व शंभर रुपयांच्या नोटा काढल्या. त्या इंग्लंडमधील टॉमस दे ला रू कंपनीने छापलेल्या होत्या, आणि त्यांवर चंद्रकोर व तारा होता, माणसाचे चित्र नव्हते. जिनांचे चित्र नोटेवर आले ते १९५७ साली.

स्तंभ : राजा गेला, त्याच्या जागी कोण?

आता आपल्या नोटेकडे वळू. पुष्कळांची अशी समजूत असते की १५ ऑगस्टच्या सकाळी राजा नोटेवरून उतरला. तसे झाले नाही. स्वातंत्र्यानंतरही काही काळ राजाच्या चित्राच्याच नोटा निघत राहिल्या. नव्या नोटेवर काय असावे याचा विचार चालू होता. राजाच्या जागी महात्मा गांधींचे चित्र घालावे असे प्रथम वाटले होते, आणि त्याप्रमाणे नमुन्याची रेखाटनेही तयार झाली होती. पण अखेरीस सर्वांचे मत सारनाथच्या अशोकस्तंभावरील सिंहशीर्षाकडे झुकले.

स्वतंत्र भारताची पहिली नोट ही १९४९ ची एक रुपयाची. तिच्यावर सिंहशीर्ष होते आणि सही वित्त सचिव के. आर. के. मेनन यांची. त्यानंतर १९५० साली, देश प्रजासत्ताक झाल्यावर, दोन, पाच, दहा व शंभर रुपयांच्या नोटा निघाल्या. तोवर देशमुख निवृत्त झाले होते. या नोटांवर सही बेनेगल रामा राव यांची आली.

येथेही ‘आधी काय, नंतर काय’ हा प्रश्न विचारून पाहावा. राजाची दहा रुपयांची नोट आणि स्तंभाची दहा रुपयांची नोट यांची चित्रे मी शेजारी ठेवून पाहिली. राजाच्या जागी स्तंभ आला, पण नोटेचा एकंदर बाज पुष्कळसा जुनाच राहिला. मागील बाजूचे शिडाचे गलबत तर राजाच्या काळातही होते आणि नंतरही राहिले. आमच्या भाईंदरच्या खाडीतून एके काळी मीठ वाहून नेणारी गलबते जात, असे जुनी माणसे सांगतात. राजा गेला तरी गलबत राहिले, हे पाहून मला का कोण जाणे बरे वाटले.

भाषेचा बदल तर आणखी सावकाश झाला. १९५३ साली नव्या नोटांवर हिंदीला ठळक स्थान मिळाले. त्या वेळी ‘रुपया’ या शब्दाचे हिंदी अनेकवचन कोणते घ्यावे याची चर्चा झाली आणि ‘रुपये’ हे रूप पक्के झाले. स्वातंत्र्याला सहा वर्षे झाली तरी आपण नोटेवरच्या एका मात्रेचा निर्णय करीत होतो! पण मला त्यात हसण्यासारखे काही वाटत नाही. कोट्यवधी लोकांच्या खिशात जाणारा शब्द बरोबर असावा, ही काळजी घेणारी माणसे तेव्हा कचेऱ्यांत बसलेली होती.

गांधीजींच्या चित्राचे पुढे काय झाले? १९६९ साली त्यांच्या जन्मशताब्दीनिमित्त निघालेल्या नोटांवर ते आले. १९८७ साली पाचशे रुपयांच्या नोटेवर आले. आणि १९९६ पासून ‘महात्मा गांधी मालिका’ या नावाने नोटांवर कायमचे स्थिरावले. स्वातंत्र्याच्या वेळी जे रेखाटन बाजूला ठेवले गेले, ते पन्नासएक वर्षांनी आपल्या रोजच्या खिशात आले. न छापल्या गेलेल्या नोटेलाही इतिहास असतो, तो असा. नमुने आणि कच्चे छाप जपून का ठेवावेत, याचे उत्तर मला येथे मिळाले. चलनात आलेली नोट देशाने काय ठरविले ते सांगते. देशाने आणखी कशाचा विचार केला होता, हे फक्त नमुन्यातून कळते.

नकाशा : कोऱ्या पाटीवरचा देश

तिसरे उदाहरण माझ्या फसव्या नोटेच्या देशाचे. २६ मार्च १९७१ रोजी बांगलादेशने स्वातंत्र्य जाहीर केले. त्या वर्षी पाकिस्तानी नोटांवर रबरी शिक्क्याने ‘बांगला देश’ असे उमटविलेल्या नोटा तेथे फिरू लागल्या. स्वतःची बँक नाही, छापखाना नाही, पण हाती असलेल्या नोटेवर आपल्या देशाचे नाव उमटविता येते, ही त्यामागची जिद्द. १९४८ चा पाकिस्तानी शब्द सरकारने ठरवून छापखान्यात बसविलेला होता; १९७१ चा शिक्का मुठीतला होता. दोहोंत हा मोठा फरक आहे.

१६ डिसेंबर १९७१ ला युद्ध संपले आणि ४ मार्च १९७२ रोजी बांगलादेशच्या स्वतःच्या नोटा निघाल्या : एक टाका आणि शंभर टाका. मधे तीन महिनेसुद्धा गेले नव्हते. इतक्या थोड्या अवधीत त्या छापल्या कोठे? आपल्या नाशिक रोडला. एक टाक्याच्या नोटेवर राजा नाही, स्तंभ नाही, कोणा नेत्याचे चित्रही नाही. आहे तो देशाचा नकाशा. मला वाटते, ज्या देशाच्या अस्तित्वाविषयीच जगात वाद चालू होता, त्याने ‘आम्ही आहोत, आणि येथे आहोत’ एवढेच प्रथम सांगावे, हे स्वाभाविक होते. मोठ्या नोटांवर नकाशासोबत शेख मुजीबुर रहमान यांचे चित्र आले.

पुढे बांगलादेशने आपल्या नोटा इंग्लंडमध्ये व अन्यत्र छापून घेतल्या, आणि १९८९ साली गाझीपूर येथे त्यांच्या स्वतःच्या छापखान्याचे उद्घाटन झाले. पण नोटेवर कोण असावे हा प्रश्न संपला नाही. २०२४ च्या ऑगस्टमध्ये तेथे सत्तापालट झाला, आणि जून २०२५ मध्ये ज्या नव्या नोटा आल्या त्यांवर मुजीब नव्हते. ऐतिहासिक वास्तू होत्या. पन्नास वर्षांपूर्वीची नकाशाची नोट आणि ही वास्तूंची नोट शेजारी ठेवल्या, तर त्या देशाचा निम्मा इतिहास न बोलता समोर येतो.

अशा रीतीने तीन नव्या देशांच्या पहिल्या नोटा एकाच गावी छापल्या गेल्या. माझी एक आत्या नाशिक रोडला राहते. तिच्याकडे गेले असता त्या छापखान्याची लांबलचक भिंत मी पाहिली आहे. आत जाता येत नाही, हे ठीकच आहे. पण त्या भिंतीजवळून रिक्षाने जाताना, या भिंतीआड तीन देशांची नावे पहिल्यांदा नोटेवर उमटली, हे मनात आल्यावाचून राहत नाही.

पारख कशी करावी?

माझ्या अनुभवावरून नवशिक्यांसाठी चार गोष्टी सांगते.

पहिली गोष्ट, कागद पाहा. नमुना नोट छापखान्यातून बँकेच्या फाईलीत जाते. बाजारात फिरत नाही. फाईलीतली टाचणीची भोके किंवा चिकटविल्याचा डाग तिच्यावर असू शकतो, पण मळलेल्या कडा आणि खिशातल्या घड्या दिसल्या तर शंका घ्यावी.

दुसरी गोष्ट, क्रमांक पाहा. शून्ये नसली तर ती का नाहीत, हे विक्रेत्याला विचारा. नीट उत्तर मिळाले नाही तर नोट परत ठेवा.

तिसरी गोष्ट, शब्द आणि कागद यांचा क्रम पाहा. ‘नमुना’ हा शब्द घडीच्या आधीचा की नंतरचा? भोके अक्षरांतून आरपार स्वच्छ गेली आहेत की कडा फाटल्या आहेत? दहा पट मोठे दाखविणारे भिंग फार महाग नसते; माझ्या साडेचारशेत एकाहून अधिक आली असती.

चौथी गोष्ट, घाई करू नका. विक्रेता ‘शेवटचीच आहे’ म्हणतो तेव्हा तुमच्याही खिशातले पैसे शेवटचेच असतात, हे विसरू नये.

कायद्याचेही थोडे ज्ञान हवे. नोटेसारखा दिसणारा कागद छापणे हा आपल्याकडे गुन्हा आहे, म्हणून हौसेने रंगीत प्रती काढून मित्रांना वाटू नयेत. २०१६ साली रद्द झालेल्या पाचशे व हजाराच्या नोटांविषयी २०१७ चा कायदा आहे. त्यानुसार अशा दहापेक्षा अधिक नोटा कोणालाही जवळ ठेवता येत नाहीत. मात्र अभ्यास, संशोधन किंवा नाणकशास्त्र यांसाठी पंचवीसपर्यंत ठेवता येतात. कायद्याने अभ्यासकासाठी पंधरा नोटांची जागा राखून ठेवली, ही गोष्ट मला फार आवडली. तसेच जुन्या नोटा मोठ्या किमतीला विकत घेतो, आधी कमिशन भरा, असे सांगणाऱ्यांपासून सावध राहावे, असा इशारा रिझर्व्ह बँकेने २०२१ साली जाहीरपणे दिला होता. बँकेच्या नावाने कोणी पैसे मागत असेल तर तो खोटा समजावा.

ज्यांना विकत घेणे परवडत नाही त्यांनी निराश होऊ नये. मुंबईत फोर्ट भागात रिझर्व्ह बँकेने २००४ साली चलनाचे संग्रहालय उभारले. नाशिकजवळ अंजनेरी येथे १९८० साली स्थापन झालेली नाणकशास्त्राची संशोधन संस्था आहे. आणि सर्वांत स्वस्त संग्रह म्हणजे नोंदवही. माझ्या वहीत प्रत्येक नोटेला एक पान आहे. देश, वर्ष, आकार, रंग, चित्र, भाषा, सही, छापखाना. आणि शेवटी एक ओळ : ‘यावर काय नाही?’ ही शेवटची ओळच मला सर्वांत जास्त शिकविते. राजा नाही, नेता नाही, स्वतःची भाषा नाही, स्वतःचा छापखाना नाही. नवा देश आपल्या नोटेवर जे घालू शकला नाही, त्यात त्याची त्या वेळची अडचण दिसते.

शेवटी

आता बाबांच्या प्रश्नाकडे येते. “पैसे देऊन पैसेच विकत आणलेस?” होय, आणले, आणि तेही फसून. ती नोट मी टाकून दिलेली नाही. वहीच्या पहिल्या पानावर ती चिकटवून तिच्याखाली लिहिले आहे : ‘नोट खरी, शिक्का खोटा. पारख : बाबा.’ माझ्या शिक्षणात आतापर्यंत जी प्रमाणपत्रे मिळाली ती सगळी माझ्या नावाची आहेत. त्यांच्या नावाचे एवढे हे एकच पान आहे. शाळा आठवीतच सुटलेल्या त्या माणसाने हे पान दोनदा वाचले, आणि मग गाळ्यावर दाखवायला वही मागून नेली. ती तीन दिवसांनी परत आली. कडेला पॉलिशच्या मशीनचा काळा डाग होता. तो मी पुसला नाही. तो आधीचा नाही, नंतरचा आहे, हे कोणालाही कळेल.

आपल्यापैकी प्रत्येकाच्या घरी एखादी ट्रंक, एखादी जुनी पाकिटे ठेवलेली पिशवी असते. आजीच्या बटव्यात घडी घातलेली एखादी नोट असते. गल्फहून आलेल्या मामाने दिलेली एखादी असते. ती विकायला काढू नका. आधी तिच्याकडे नीट बघा, घरातल्या मोठ्या माणसाच्या हातात द्या, ती कोठून आली ते विचारा आणि लिहून ठेवा. पुढच्या वर्षी महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनात अशा नोंदींचे एक लहानसे प्रदर्शन भरवावे, अशी सूचना मी सरांकडे केली आहे. त्यात नोटा ठेवायच्याच असे नाही. त्यांच्या गोष्टी ठेवल्या तरी पुष्कळ झाले.